बाईंची गाडी घाट चढते

आळेफाट्यावर स्पेअर पार्टचं दुकान टाकलं की माल कमी आणि किस्से जास्त साठतात. माल निदान विकला तरी जातो. चारी दिशांचे रस्ते इथं येऊन मिळतात, त्यामुळे गाडी कुठंही बिघडो, ती ढकलत, ओढत शेवटी इथंच येते. माणूस पार्ट घेऊन जातो आणि आपली कथा माझ्या काउंटरवर ठेवून जातो. नवरा म्हणतो, पाटीवर 'स्पेअर पार्ट'च्या खाली 'व इतर चौकशा' असं लिहून घे. त्याचं काय जातंय! तो ट्रक घेऊन निम्मा महिना बाहेर असतो. ऐकायला मी आहे.

तर त्यातले थोडे सांगते. पहिला माझा आहे, बाकी सगळे एकाच गाडीचे.

*

दुकान नवं होतं तेव्हा गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं, मग माझ्या मागं बघायचं. मागं फॅनबेल्ट टांगलेले. मग पुन्हा माझ्याकडं.

"मालक कुठं हायेत?"

"बोला ना."

"न्हाई, मालकांशीच बोलायचं व्हतं. क्लचप्लेट पायजे."

"कुठल्या गाडीची?"

"ते मालकांना सांगतो."

एक पाहुणे तर असेच बाकावर बसून राहिले. मीही बसू दिलं. चहा आला, त्यांना दिला. पेपर दिला, तो वाचून झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "मालक येतील ना पण?"

म्हटलं, "सकाळीच आलेत. तुमी बसल्यापासून तुमच्याकडंच बघतायत."

क्लचप्लेट घेऊन गेले. आता त्यांच्या ट्रॅक्टरपासून पिकअपपर्यंत सगळं सामान माझ्याकडूनच जातं. दारातूनच म्हणतात, "मालक, नमस्कार." मीही मालकासारखा नमस्कार घेते.

दुकानाला लागून नानांचं गॅरेज आहे. नाना धनगराघरचे. धाकटा भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतो, नाना मात्र पाना हातात घेऊन एका जागी बसले. हात चांगला, पण आपलंच खरं करायची खोड. नानांना कुणी 'हे होणार नाही' म्हटलं की ते झालंच समजा. आणि 'हे असं करू नका' म्हटलं की तेही झालंच समजा.

*

रोहिणीबाई पहिल्यांदा आल्या त्या टोचन लावून. पुढं ट्रॅक्टर, मागं दोरीला त्यांची गाडी.

बाई डिंगोऱ्याच्या. तळेघरच्याही वर, एका वाडीवरच्या शाळेत शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला, उजवा धडधाकट. म्हणून त्यांनी जुनी का होईना, पण ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नसतो, डाव्या पायाला कामच नसतं. त्याआधी त्या कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून शाळेत जायच्या. तो निघेल तेव्हा निघायचं, तो थांबेल तिथं थांबायचं आणि वर रोज त्याचे आभार मानायचे. गाडी आली आणि हे सगळं संपलं.

पण गाडी घाटात तापायला लागली. डिंभ्याचं धरण मागं पडून चढ लागला की थोड्या वेळानं जळका वास यायचा, समोर दिवा लागायचा आणि इंजिन नुसतं ओरडायचं. गाडी जागची हलायची नाही. मग गार होईपर्यंत रानात कडेला बसून राहायचं. सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, ही गाडी घाटासाठी नाहीच. सिटीत वापरा."

"आमची शाळा सिटीत नाही," बाई म्हणाल्या.

"मग सोयीची शाळा घ्या ना. तुम्हाला तर लगेच मिळेल."

हेच शिक्षण खात्याच्या ऑफिसातले साहेब सांगत होते, हेच नातेवाईक सांगत होते. खाली बदली घ्या, घराजवळ या. बाईंनी काठी माझ्या काउंटरला टेकवली आणि म्हणाल्या, "वैनी, सोयीची म्हणजे कुणाच्या सोयीची, ते कुणी सांगत नाही. त्या वाडीवर माझ्याआधी एक माणूस टिकला नाही. मी टिकले. पोरं वाचायला लागली. आता एका गिअरबॉक्सपायी खाली उतरू?"

मला ही बाई तिथंच आवडली.

नाना गॅरेजातून ऐकत होते. "कोण म्हनलं घाटात चालत न्हाई?"

"कंपनीवाले."

"मंग चालनारच," नाना म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

*

बाईंचे वडील अण्णा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. उभी हयात घाटात गेली. शाळेला बाई एकट्याच जायच्या, पण एरवी कुठं निघाल्या की सोबत म्हणून ते शेजारच्या सीटवर बसायचे. सोबत कसली, दर वेळची परीक्षाच ती. वळण आलं की अण्णांचा डावा पाय आपोआप खाली दाबायचा आणि डावा हात गिअर शोधायला जायचा. एकदा हाताला दाराचं हँडल लागलं आणि ओतूरच्या चौकात दारच उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट कोरं आणि पॅसेंजरच्या बाजूचं झिजून भोक पडलेलं, अशी मी बघितलेली ही एकच गाडी.

"क्लच न्हाई ती गाडी कसली?" अण्णा नानांना म्हणाले. "आन आता ह्यो कूलर कशापायी?"

नानांनी समजावलं, "अण्णा, ह्या गिअरबॉक्सात लाल तेल आसतंय. क्लचचं काम त्येच करतं. घाटात त्ये लई तापतं, मंग काम सोडतं. रेडिएटरच्या म्होरं एक बारकी जाळी बसवायची, तेल तिच्यातनं फिरवून आनायचं. म्होरनं वारा लागतो, तेल गार व्हतं. बास."

"म्हंजी तेल घाटात दमतंय, आन तुमी त्याला वारा घालनार."

"आगदी तसंच."

"आमच्या एसटीत डायवर दमायचा," अण्णा म्हणाले. "त्याला कुनी वारा घातला न्हाई."

अण्णांची आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं की त्यांचा डोळा लागत नाही. लग्नाहून परतताना सगळं वऱ्हाड घोरत असायचं आणि अण्णा ड्रायव्हरच्या शेजारी ताठ बसून रस्ता बघत असायचे. "गाडीत झोपतो तो पॅसेंजर," असं म्हणायचे, शिवी दिल्यासारखं.

पण त्या दिवशी जाताना ते माझ्या काउंटरपाशी थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "वैनी, आजून एकदा गाडी घाटात उभी राहिली ना, तर मी सोता सायबाकडं जाऊन हिच्या बदलीचं बोलनार. पोरगी एकटी रानात बसती. घरी मला घास उतरत न्हाई."

बाईंनी ऐकलं.  त्या काठी घेऊन गाडीकडं चालू लागल्या.

*

कूलर निवडायचा म्हणजे माझ्या दुकानात ग्रामसभाच भरली. नानांचं मत एकच: मोठा घ्या. ते भंगारातल्या जेसीबीचा ऑइल कूलर खांद्यावर टाकून आले आणि गाडीपुढं धरून उभे राहिले. मागं गाडी दिसेना.

"ह्यो बसवला तर तेलाची काय बिशाद हाय तापायची."

"आणि गाडी कुठं बसवायची, नाना?" मी विचारलं.

डेअरीचा एक जण ब्रेकलाइनर घ्यायला आला होता. तो म्हणाला, आमच्या दूध गार करायच्या टाकीचं कॉइल पडून आहे, ते लावा. म्हशीचं दूध गार होतं तर तेल का होणार नाही? नाना खरंच विचारात पडले, तेव्हा मला काळजी वाटली.

बाई स्वतः शोधाशोध करून आल्या होत्या. म्हणाल्या, "फार मोठा नको. तळेघरला थंडीत सकाळी पाण्याला हात लाववत नाही. तेल गारठलं तरी गिअर नीट पडत नाहीत. मला मधल्या मापाचा, चपट्या पट्ट्यांचा हवा. आणि सोबत एक व्हॉल्व्ह. तेल गरम झाल्याशिवाय तो ते कूलरकडं सोडतच नाही."

मी पुण्याहून तोच मागवला. खोकं उघडलं तर कूलर एका हातात मावेल एवढा. नानांचं तोंड उतरलं.

"बाई, ह्यो तर लेकराच्या पाटीएवढा हाय. एवढ्याशा पाटीवर घाट चढनार व्हय?"

"नाना," बाई म्हणाल्या, "माझी अख्खी शाळा पाटीवरच चढलीय."

*

बसवायचं काम नानांनी झकास केलं, खोटं कशाला बोलू? बरेच जण कूलर रेडिएटरच्या जाळीलाच प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून टाकतात. मग तो हलून हलून जाळी खातो. नानांनी लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट केले, मधे रबर घातलं. तेल किती तापलं ते दाखवणारा एक छोटा काटा बाईंच्या पुढ्यात बसवला. सगळं छान. फक्त खोक्यात आलेला पाईप वीतभर कमी पडला.

आता, आमच्या तालुक्यात टोमॅटोवर औषध फवारायचा पाईप घराघरात असतो, आणि तो कशालाही चालतो यावर सगळ्यांची श्रद्धा आहे. पाण्याला चालतो, डिझेलला चालतो, कपडे वाळत घालायला चालतो, गाडीला टोचन म्हणूनही मी बघितलाय.

मी नानांना म्हटलं, "नाना, हा नको. मी उद्या तेलाचा मागवते."

"वैनी, ह्यो केवढं प्रेशर घेतो म्हाईत हाय का?"

"प्रेशर घेतो. गरम तेल घेत नाही."

म्हणजे मी 'असं करू नका' म्हटलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

चाचणीला ओतूर रस्त्याला निघालो. बाई गाडी चालवत होत्या, नाना आणि मी मागं. जाताना ठीक. येताना फट्कन आवाज झाला आणि बाईंनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. पाईप फुगून निसटला होता आणि गाडीखालून लालभडक तेलाचा ओघळ रस्त्यावर.

समोरच्या चहाच्या टपरीवरून माणसं धावली, वावरातून बाया धावल्या. एक जण रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली बघायला लागला, "कोन हाय खाली? बोला, बोला." एकानं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. एका म्हाताऱ्या बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढून पट्टीसाठी फाडायलाच घेतलं.

तेवढ्यात बाई दार उघडून काठी टेकत, लंगडत उतरल्या. 

"आरं देवा," बाबा म्हणाले, "बाईंचा पाय गेला."

"पाय लहानपणीच गेलाय, बाबा," बाई म्हणाल्या. "आज पाईप गेला."

अ‍ॅम्ब्युलन्स यायची ती आलीच. तिचा ड्रायव्हर नानांचा ओळखीचा निघाला. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "नाना, फवारायचा पाईप लावलाय व्हय? आमच्या गाडीलाबी तुमीच लावला व्हता."

दुसऱ्या दिवशी मी तेलाचा पाईप मागवला. नानांनी तो माझ्याकडं न बघता नेला. त्यांनी तेल नवं भरलं, लाइन पुन्हा पुन्हा तपासली. 

*

नानांच्या गॅरेजातून नवा पार्ट लागलेली गाडी नारळ फोडल्याशिवाय बाहेर पडत नाही. नानांनी नारळ आणला, गाडीपुढं धरला.

"नाना, आमच्यात ह्ये न्हाई," अण्णा म्हणाले. "आमच्या बापानं बुद्धाचा धम्म घेतला तवापास्नं आमी नारळ फोडला तो कालवनातच."

"आवो, पन गाडीला लागतो."

"गाडी माझी आहे नाना," बाई म्हणाल्या, "म्हणजे तीही आमच्यातलीच."

शेवटी नारळ फुटला, पण हातोड्यानं, माझ्या काउंटरवर. अण्णा, बाई, मी, सगळ्यांनी खाल्ला. नानांनी खाल्ला, पण त्यांना काही तो गोड लागला नाही.

मग बाई धरणाच्या अलीकडच्या चढावर एक फेरी मारून आल्या, आणि काटा वर! जणू कूलर बसवलाच नाही. नाना हादरले. तेल बघितलं, पाईप बघितला, व्हॉल्व्ह उघडून बघितला. सगळं बरोबर. अण्णा एका बाजूला हात मागं बांधून उभे. साहेबाकडं जायचं त्यांचं ठरत चाललंय हे आम्हाला दिसत होतं. 

बाई गाडीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. वाकून त्यांनी जाळीच्या आत बोटं घातली आणि ओढलं. आतून घोंगडीचा तुकडा बाहेर आला. काळा, जाड, कूलरच्या मापाचा, चारी कोपऱ्यांना नीट दोरीनं बांधलेला.

"नाना?"

नानांनी मान खाली घातली. "गाडीम्होरं नारळ न्हाई फुटला. म्हनलं नजर लागंल. आन खडी उडती. आमी मेंढीचं नवं कोकरू आसंच गुंडाळतो, वारं लागू नये म्हनून."

"नाना," बाई म्हणाल्या, "वारं लागावं म्हणूनच तर तो पुढं बसवलाय."

अण्णा मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं. बाईंनी तो तुकडा फेकला नाही. घडी करून पाठीमागं ठेवला. थंडीत गुडघ्यावर घ्यायला कामाला येतो म्हणतात.

*

आता घाटाचा किस्सा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी निघालो. स्टिअरिंगवर बाई, शेजारी अण्णा, मागं नाना आणि मी. दुकान बंद ठेवलं. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "गिऱ्हाईकाचं काय?" म्हटलं, "बसतील बाकावर. मालक येतील म्हणून."

घोडेगाव गेलं, डिंभे गेलं. चढ लागला. अण्णांचा डावा पाय त्या भोक पडलेल्या मॅटवर चालू झाला. नाना दोन सीटच्या मधून मान घालून काट्याकडं बघत होते. मी काट्याकडं बघत नव्हते, बाईंच्या मानेकडं बघत होते. मान ताठ होती.

वरच्या एका वळणावर एसटी बंद पडली होती. तिच्यामागं एक भरलेला टेम्पो आणि दोन जीप, सगळ्या चढावर अडकलेल्या. आमचीही गाडी उभ्या चढावर थांबली.

अण्णांचा पाय पूर्ण खाली दाबला गेला. "थांबली," ते म्हणाले.

"थांबली नाही अण्णा," बाई पुढं बघत म्हणाल्या, "मी थांबवली."

मग हात हात पुढं सरकायचं, पुन्हा थांबायचं. हेच सगळ्यात वाईट. गाडी पळत असली की कूलरला वारा लागतो, अशा रांगेत कुठला वारा? काटा थोडा वर आला. नानांचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. काटा तिथंच राहिला.

एसटीपाशी पोचलो. तिचा ड्रायव्हर खाली उभा होता. त्यानं अण्णांना ओळखलं, धावत आला, खिडकीतून हात जोडले.

"अण्णा! तुमी शेजारी कसं काय? तुमी चालवीत न्हाई?"

अण्णांनी बाईंकडं बघितलं. मग त्याला म्हणाले, "ही गाडी मला येत न्हाई. हिला येती."

एसटीतल्या एक म्हाताऱ्या आजी नाचणीचं गाठोडं घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. तळेघरलाच निघालेल्या. ड्रायव्हर म्हणाला, यांना तेवढं घ्या, उन्हात बसल्यात. मी उतरायला लागले तर अण्णा म्हणाले, "वैनी, तुमी बसा." ते स्वतः उतरले, आजींना पुढं आपल्या जागी बसवलं, गाठोडं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि मागचं दार उघडून आमच्यात येऊन बसले. नाना सरकले, मी सरकले. तिघं दाटीवाटीनं.

बाईंनी आरशात एकदा मागं बघितलं आणि गाडी उचलली.

उरलेला घाट उभा होता. एक वळण, दुसरं वळण. आजी बाईंना विचारत होत्या, "कुनाची गं तू?" बाई सांगत होत्या. काटा हळूहळू खाली आला. शेवटचं वळण संपलं, वारा आत आला, समोर पठार आणि भाताची खाचरं दिसायला लागली.

नानांना राहवेना. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बाई! चढली की वो! काटा बगा, काटा!"

बाईंनी काट्याकडं बघितलंच नाही. त्या आरशात बघत होत्या.

"हळू बोला नाना," त्या म्हणाल्या. "अण्णा झोपलेत."